लाल लॅकर आणि उजवा हात

९ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा बिघडली रेघ! पुठ्ठ्यावर एक सरळ बारीक रेघ मारायची, एवढंच. पण एअरब्रशच्या फवाऱ्यातून रंग थुंकल्यासारखा आला, आणि मध्येच त्याला कोळ्यासारखे पाय फुटले. थिनर जास्त झालं असेल. नाहीतर कॉम्प्रेसरची हवा.

बरं झालं पुठ्ठा होता. गाडीवर मारली असती तर दोन महिन्यांचं काम मातीत! गाडी म्हणजे वीतभर लांब एसटी, आमची गोंदिया–केशोरी. प्लास्टिकच्या शीट कापून केलेली. खिडक्या, मागची शिडी, टपावरचं कॅरिअर, सगळं आहे. नंदलालभाऊसाठी. तो ३१ डिसेंबरला रिटायर होतो. अकरा वर्षं माझा कंडक्टर. मी पुढे, तो मागे, मध्ये घंटी. त्याला यातलं काही माहीत नाही. रुख्माला माहीत आहे — बायकोपासून कसं लपवणार, तिच्याच न्हाणीघराच्या खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवला आहे!

१० नोव्हेंबर

रंग आणि थिनर दोन्ही मुंबईहून मागवले. इथल्या दुकानातलं थिनर प्लास्टिक खातं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पार्सल आलं! पेट घेणारा माल म्हणून विमानात घेत नाहीत, ट्रकने फिरत फिरत आलं. कुरिअरवाला आमच्या नागरा गावात घर शोधत शिवमंदिराला दोन चकरा मारून आला म्हणे. भुशात बसवलेल्या छोट्या काचेच्या बाटल्या. जपानी लॅकर. लाल दोन, क्रीम एक, काळा एक, मातकट एक. एकही फुटली नाही.

लालचं झाकण उघडून नाकाशी धरलं. वासच नाही! चांगला माल असा असतो.

तिकडून रुख्मा ओरडली — "अजी, बंद करा ना ते! डोळे झोंबून राहिले माहे." हिचं नाकच तिखट.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज दिवस चांगला गेला. क्रीम पट्टा कालच मारून टेपने झाकला होता. आज लाल. पहिला हात एकदम पातळ, नुसती धूळ बसल्यासारखा. पाच मिनिटं थांबलो. लॅकरचं हेच सुख, पाच मिनिटांत हात लावा. मग दुसरा, मग तिसरा, ओला. पत्र्यासारखी चमक आली! मोठ्या अंगावर रंग मारायला काहीच अडचण नाही. ब्रश इकडून तिकडे फिरवत न्यायचा, बस. टेप काढली तेव्हा श्वास धरून बसलो होतो. कडा ब्लेडने कापल्यासारखी.

रुख्माला दाखवली. पदर नाकाला लावून आली. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "आता हिच्यात माणसं बसवा." तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आता फक्त धूळ राहिली. चाकांच्या वर, दाराखाली, आमच्या रस्त्याची लालसर धूळ. ती टेप लावून होत नाही. मोकळ्या हातानेच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गाडीत काय बिघडलं ते ड्युटी संपली की वहीत लिहावं लागतं. आज मी लिहिलं, नंदलालभाऊने वाचलं. "गोपी, अक्षरं लिहून राहिला का मुंग्या सोडून राहिला बे?" सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन ही रोजनिशी मागे चाळली. मार्चमधली पानं — अक्षर याच्या दुप्पट मोठं! आता ओळीच्या शेवटी तर अक्षर बारीक होत होत मरूनच जातं. चष्म्याचा नंबर बदलला असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाट लागली. धूळ मारली आणि डावी बाजू खराब केली. बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग — केसाएवढं ओढायचं असतं. बोट केसाएवढं गेलंच नाही. आधी काहीच नाही, मग एकदम भसकन! लाल पत्र्यावर मातकट डाग.

थिनरने ती पूर्ण बाजू खरवडून काढली. रुख्मा जेवायला बोलवत होती. तिच्यावर ओरडलो. कायले ओरडलो?

२४ नोव्हेंबर

ब्रशची सुई वाकली असेल. नवीन सुई, नवीन नोझल मागवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नवीन सुईनेही तेच. ड्युटी संपल्यावर एअरब्रश पिशवीत घालून टिंकूच्या दुकानात गेलो. हा गोंदियात गाड्यांचे रंग मिसळून देतो, तीस-बत्तीस वर्षांचा आहे, हात फार साफ. म्हटलं, भाई, इसमें कुछ तो गडबड है.

त्याने माझाच ब्रश घेतला. माझाच रंग, माझंच थिनर. एका कार्डावर रेघ मारली. दोरा ठेवल्यासारखी! दुसरी मारली, तिसरी मारली. "चाचा, इसमें कुछ गडबड नहीं. एकदम मक्खन है. थक गए होंगे आप."

ते कार्ड खिशात घालून आणलं. कायले आणलं माहीत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

दुपारी रुख्मा शेजारी पापडाला गेली होती. पुठ्ठा घेतला. उजव्या हाताने रेघ मारली. मग ब्रश डाव्या हातात घेतला. डाव्या हाताने मी आयुष्यात कधी खिळाही ठोकला नाही.

डावी रेघ वाकडी आली. पण एकसारखी आली. कुठे तुटली नाही, कुठे थुंकली नाही.

पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच.

रंग नाही. थिनर नाही. सुई नाही.

२ डिसेंबर

उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा आपोआप हलतो, बोटात तंबाखू चोळल्यासारखा. मी तंबाखू खात नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी टाकून नागपूरला गेलो, नसांच्या डॉक्टरकडे. रुख्माला सांगितलं रंग आणायला जातो.

डॉक्टर बाई तरुण होत्या. मूठ उघडायला लावली, मिटायला लावली, भराभर. पंख्याखाली चालायला लावलं. म्हणाल्या, उजवा हात हलत नाही चालताना, लक्षात आलं होतं का? कागदावर गोल गोल जिलेबी काढायला लावली. माझी जिलेबी आत जाता जाता ठिपका झाली. मग एक छोटी बाटली नाकाशी धरली. कशाचा वास? म्हटलं, काही नाही. रिकामी आहे.

कॉफी होती म्हणे.

नाव मला आधीच माहीत होतं, मोबाईलवर पाहिलं होतं. तरी त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कान बंद झाल्यासारखे झाले. पार्किन्सन. सुरुवात आहे, गोळ्यांवर बरीच वर्षं चांगली जातात, घाबरू नका.

"गाडी चालवता का?"

म्हटलं, मोटरसायकल.

"सध्या बंद ठेवा."

पन्नास माणसं घेऊन जंगलातल्या रस्त्याने केशोरीला जातो, हे सांगितलं नाही. डॉक्टरशी खोटं बोललो! बावन्न वर्षांचा माणूस!

गोळ्या रंगाच्या खोक्यात ठेवल्या. तिथे रुख्मा हात लावत नाही.

१३ डिसेंबर

स्टेअरिंग धरलं की हात एकदम गप्प. मांडीवर ठेवला तरच हलतो. मग मांडीवर ठेवूच नये. साधी गोष्ट आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

डेपोत सांगितलं तर काय होईल हेच डोक्यात फिरत राहतं. काढून टाकत नाहीत, दुसरं काम देतात. गेटवर बसवतील, नाहीतर टायरच्या खोलीत. पण येणारा-जाणारा ड्रायव्हर मला पाहील. अठ्ठावीस वर्षं मी दार आपटून चढलो आणि गाडी सुटली. कोहमारा फाट्यावर चहावाला गाडीचा आवाज ऐकून माझा चहा ओततो. टायरच्या खोलीत मला कोण ओळखेल?

नंदलालभाऊचं होऊ दे. मग सांगू. नवीन वर्षात.

२३ डिसेंबर, मंगळवार

लिहू का नको असं झालं आहे. लिहितो.

नवेगावबांधच्या पुढे तलावाच्या पाळीवरून वळण आहे. ते मी झोपेतही घेईन. डावा हात गिअरवर होता, स्टेअरिंगवर एकटा उजवा. समोरून एक बाई धानाच्या तणसाचा भारा डोक्यावर घेऊन कडेने येत होती. मी हाताला म्हटलं, फिर. तो फिरला. पण मी म्हटल्यानंतर फिरला. मध्ये जागा राहिली, एवढीशी. तेवढ्यात गाडी कडेच्या मातीत उतरली, आरसा तिच्या भाऱ्याला लागला आणि बाई पाळीच्या उतारावर बसली.

काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. खरचटलंसुद्धा नाही. उभी राहून शिव्या देऊ लागली — "डोये फुटले काय रे तुहे!" — आणि ती ओरडते हे ऐकून मला रडू आलं. जिवंत होती म्हणून ओरडत होती.

नंदलालभाऊ उतरला. तिला पाणी दिलं, भारा डोक्यावर चढवून दिला. परत येऊन माझ्या खिडकीखाली उभा राहिला.

"डुलकी लागली होती काय?"

म्हटलं, हो.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हाताकडे. हात स्टेअरिंगवर होता, मी सोडला नव्हता. मागे गेला आणि दोनदा घंटी मारली.

डुलकीसाठी सस्पेंड करतात. तरी मी डुलकीच सांगितली.

२४ डिसेंबर

आजही चालवली. नंदलालभाऊ तिकिटं फाडून झाली की मागे गेलाच नाही. केशोरीपर्यंत माझ्याजवळच्या सीटवर बसून राहिला. नजर माझ्या हाताकडे. मी पूर्ण रस्ता पंचवीसच्या वर नेली नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

ड्युटीच्या फळ्यावर माझ्यापुढे "स्पेअर". बाबू म्हणाला, तुमची गाडी वर्कशॉपात आहे, साहेबांनी बसून राहायला सांगितलं. दिवसभर विश्रांतीच्या खोलीत बसलो. काय बरं वाटलं! आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली.

घरी आलो तर गोळ्यांची पाकिटं ओसरीवर मांडलेली. रुख्मा समोर.

"नागपूरवरून हा रंग आणला काय?"

सगळं सांगितलं. बाईचंही सांगितलं, तणसाच्या भाऱ्याचं. ती बीमारीवर रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. उठून उभी राहिली.

"माही बहीण दर सोमवारी अर्जुनीवरून त्याच गाडीत बसते. तुमच्याच भरोशावर बसते. तिले काय सांगू मी? का माह्या नवऱ्याले टायरच्या खोलीची शरम वाटते, म्हणून तू जपून बस?"

मी पाकिटं गोळा करू लागलो.

"बीमारी आली तर येऊ द्या. मी आहो. पण हे पाप मी नाई घेत घरात."

मग आत गेली. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आली, मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

२६ डिसेंबर

आजही स्पेअर. अर्ज लिहायला घेतला. तीन कागद फाडले. "मी स्वतः कळवतो की" — याच्यापुढे पेन जात नाही.

२८ डिसेंबर, रविवार

गाडी पूर्ण केली. खरवडलेल्या बाजूला पुन्हा लाल मारला. धूळ डाव्या हाताने मारली, लांबून, दम खात खात. पाहिजे तशी नाही बसली. दारापाशी जास्त झाली. रुख्मा म्हणाली, "राहू द्या, दारापाशी जास्तच असते." ती खिडकीच्या बाहेर उभी राहून पाहत होती, नाकाला पदर लावून. पहिल्यांदाच थांबली शेवटपर्यंत.

अर्जही झाला. रुख्माने समोर बसून लिहून घेतला. १ तारीख टाकली.

३१ डिसेंबर, बुधवार

नंदलालभाऊचा निरोप. शाल, नारळ, चिवडा, पेढे. साहेबांनी भाषण केलं. मग मी खोका दिला.

त्याने गाडी बाहेर काढली. ड्रायव्हर लोक खुर्च्या सोडून भोवती जमले. त्याने चाक फिरवून पाहिलं, टपावरचं कॅरिअर पाहिलं, आतल्या सीटा मोजल्या. "माही सीट कुठं आहे बे?" म्हटलं, मागच्या दाराजवळ, नीट पाहा. पाहिली. डोळे भरले त्याचे. माझेही.

निघताना मला बाजूला नेलं. माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, घट्ट. अंगठा आत हलत होता, त्याला नक्कीच कळलं असेल. तरी सोडला नाही. "काही मनात ठेवू नको गोपी." एवढंच म्हणाला. मला वाटलं, जाणारा माणूस असं म्हणतोच.

रात्रीची वस्तीगाडी पकडून केशोरीला गेला, त्याच्या घरी.

१ जानेवारी, गुरुवार

सकाळी साहेबांना अर्ज दिला. त्यांनी वाचला, आणि ड्रॉवरमधून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. नंदलालभाऊचं अक्षर. तारीख २४ डिसेंबर.

"ड्रायव्हर कापगते यांचा उजवा हात बरोबर नाही. उद्यापासून त्यांना गाडी देऊ नये. ते स्वतः येऊन सांगतील, पहिल्या तारखेपर्यंत वाट पाहावी. नाही आले तर हाच माझा रिपोर्ट समजावा."

गाडी वर्कशॉपात नव्हतीच.

"रोज विचारायचा मला," साहेब म्हणाले, "आला काय, आला काय." मग तो कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला.

साडेदहाच्या केशोरी गाडीत चढलो. ड्रायव्हर नवीन आहे. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिकीट काढलं. नंदलालभाऊशी भांडायला चाललो की त्याच्या गळ्यात पडायला, अजून माहीत नाही. कोहमारा मागे पडला.