गेल्या वर्षी होतं म्हणून

५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खोक्यांच्या कारखान्यात वर्षभर राबून हाती काहीच उरत नाही म्हणतोस, आणि खर्चाचा अंदाज मात्र गेल्या वर्षीच्या आकड्यांत दहा टक्के घालून करतोस. यंदा कोरा कागद घे. प्रत्येक खर्च शून्य धर. ज्याला जे हवं त्याने चिठ्ठीवर लिहावं, की यंदा ते कशाला हवं. ‘गेल्या वर्षी होतं’ हे कारण चालणार नाही. घरीही तेच. येणाऱ्या प्रत्येक पैशाला वहिनीने आधीच काम नेमून द्यावं, रिकामा एकही ठेवू नये. आमच्या कचेरीत मी हे सहा वर्षं करते आहे. मला कुणी जेवायला बोलावत नाही, पण हिशेब बसतो.

लोभ आहे, तो थोडा वाढावा.

तुझी,
धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कोरा कागद घेतला. चार वर्षांपूर्वी धंदा बंद केलेल्या गिऱ्हाइकाची झाकणं आपण भाड्याच्या गोदामात जपत होतो. गोदाम सोडलं. घरी तुझ्या वहिनीने विचारलं, की व्यायामशाळा नेमकी कुठल्या रस्त्यावर आहे. मला सांगता येईना. तीही वर्गणी सुटली.

मग मास्तरांची चिठ्ठी आली. बाबांच्या वेळेपासून हाताने पुठ्ठा कापणारे, तुकडे मांडून तुला पाढे शिकवणारे आपले मास्तर. यंत्र आल्यापासून ते खिडकीशी बसून असतात. त्यांनी लिहिलंय, “यंदा माझी गरज नाही. खुर्ची मात्र बरी आहे.” यात खोटं काही नाही, हीच पंचाईत. त्यांना निरोप द्यायचा का, ते तूच सांग. माझ्या तोंडून निघणार नाही.

‘थोडा वाढावा’ म्हणजे गेल्या वर्षीच्यावर दहा टक्केच झाले, एवढं नजरेस आणतो.

तुझा,
दादा

२६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मास्तरांची चिठ्ठी तीनदा वाचली. अशा चिठ्ठ्यांवर मी कचेरीत अकरा माणसं कमी केली आणि डबा वेळेवर खाल्ला. काल मात्र घास उतरला नाही. त्यांना काढ असं मी म्हणणार नाही. ठेव असंही नाही, कारण उगाच ठेवलेलं त्यांना कळेल आणि लागेल. महिनाभर थांब. तोवर एक सांग, मालकाची चिठ्ठी कुठे आहे? तुझ्या केबिनचा खर्च मास्तरांच्या पगाराच्या तिप्पट आहे. तुझी चिठ्ठी कामगारांना लिहू दे.

लोभाचं विचार करून कळवते.

तुझी,
धाकटी

३० एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कामगारांनी एकमताने लिहिलं, “मालक दिवसातून दोनदा येऊन कसं चाललंय विचारतात. ते गेले की पुन्हा चालू होतं.” तुझी वहिनी हसून बेजार झाली. मला हसू आलं नाही. केबिन मोडली, आणि विक्रेत्याची जागा रिकामी होती ती घेऊन महिनाभर दारोदार फिरलो. मोठं काम कुणी दिलं नाही. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याने एकच खोकं मागितलं, केसांचे टोप करणाऱ्या बाईंनी सहा, घड्याळजीने वीस. असली फुटकळ कामं यंत्रावर होत नाहीत, म्हणून आपला कारकून ती वर्षानुवर्षं दारातूनच परतवत होता. केबिनमध्ये मला त्याचा पत्ता नव्हता. आता अशी त्रेचाळीस गिऱ्हाइकं आहेत, आणि ते काम येणारा माणूस एकच.

मास्तरांनी काल नवी चिठ्ठी दिली. “यंदा गरज आहे. काम उभ्याने असतं. खुर्ची परत करतो.” आता संध्याकाळी त्या खुर्चीत मी बसणार, पाय फार दुखतात.

लोभ गेल्या वर्षी होता म्हणून यंदाही धरू नकोस. यंदाचं कारण वेगळं लिहितो. मास्तरांसाठी तुझा घास अडला.

तुझा,
दादा