काठावर ठेवलेला कॅमेरा

दादा, धाकटीचा दुरून नमस्कार. मी धडधाकट आहे, हे आधी सांगते.

पक्ष्यांचे फोटो काढायचा माझा कॅमेरा गेला. तू मागे लागून त्याचा विमा काढायला लावलास, तेव्हा मी तुला भित्री भागुबाई म्हटलं होतं. शब्द मागे घेते.

झालं असं, की सहलीतल्या एक वयस्कर मावशी पाय घसरून तळ्यात पडल्या. मी कॅमेऱ्याची बॅग काठावर टाकून पाण्यात उतरले. त्यांना बाहेर काढेपर्यंत बॅग कुणीतरी लांबवली होती.

विमा कंपनीतल्या बाईंनी फोनवर विचारलं, "बॅग खांद्यावर होती की खाली ठेवलेली?" आमचा गाइड खुणावत होता, खांद्यावर म्हणा. खाली ठेवलेल्या वस्तूची भरपाई म्हणे मिळत नाही.

"खाली. मीच ठेवली होती," मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "का ठेवलीत, तेही लिहून पाठवा. मी साहेबांशी बोलते." बघू काय होतं ते.

उजवा खांदा थोडा धरलाय, म्हणून अक्षर वाकडं. वहिनीला सांगू नकोस. तिचा खोकला थांबला का?

आज सकाळी मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि चहा बेचव आहे म्हणून खूप कुरकुरल्या. ऐकून बरं वाटलं.

तुझीच,
धाकटी