जित्या मानसाचं श्राद्ध

पातूर,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

दादा,

पायापासून नमस्कार. रश्मी वहिनीले बी सांग. तू मले फोनवर ब्लॉक करून ठेवलं, पन नांदगाव पेठच्या पोस्टमनले कसा ब्लॉक करशीन? म्हनून कागद घेतला. दहावीचा मराठीचा पेपर सोडला तं येवढं सलग मी कधी लिवलं नाही, अन् त्या पेपरात बी बाजूच्याचंच लिवलं होतं. चुका झाल्या तं सांभायून घे.

इकडे सगयं ठीक हाये. झेंडू दिवायीत निंघून गेला, आता शेवंती तोडून राह्यलो. सकायी ष्टँडवरून अकोल्याच्या गाडीत टोपले टाकतो. मोटरसायकलचा क्लच गेल्ता, नवा टाकला. मायची तब्येत बरी हाये. तुयी कंपनी कशी चालू हाये? अजून बी सुताची धूय नाकात जाते का?

आता मुद्द्यावर येतो. बाबाच्या पिच्चरले अवार्ड भेटले.

पत्र फेकू नोको. बाबाचा पिच्चर म्हटलं का तुया डोक्यात तिडीक जाते, मले मालूम हाये. पन तू कोन्या येड्यानं धाडलेला एक फोटो पाह्यला, अन् काय झालं ते कधी आयकलंच नाही. आज तुयाजवय कागद हाये, मधातून फोन कापता येत नाही.

मागच्या साली हिवाया सरता सरता लेण्याजवय शूटिंग आलं. तिरडीवरच्या सीनसाठी त्यायले हार पाह्यजे होते, ते आपल्याकडूनच घेतले. बाबानं सोता गुंफले, झेंडूचे, मधात एकेक गुलाब. आमी दोघं गाडीवर हार घेऊन गेलो तं तेथी गोंधय. जो मानूस मढं होनार होता, त्याच्या बायकोचा फोन आला का जित्या मानसानं तिरडीवर निजू नाही, अन् तो चहाचा कप ठेवून पयाला. डायरेक्टर डोक्शाले हात लावून बसेल. मी म्हटलं, "बाबा, निजा ना. घरी बी दुपारी तेच करता." सगये हासले. बाबा बी हासला. म्हने, "हार तं मायेच हाये. दुसऱ्याच्या गयात कायले घालाचे?"

अन् निजला. बस, येवढंच. त्याच्यावर तू फोनवर बाबाले जे म्हटलं ते मी येथी लिवत नाही. तुले पाठ असन.

तं अवार्ड. दिवायीनंतरच्या रविवारी टीव्हीवर प्रोग्राम होता. बंडू मंडपवाल्यानं मारुतीच्या देवयापुढं पांढरा परदा बांधला, भोंगे लावले, जसं त्याच्याच पोरीचं लगन हाये. पिच्चरात गर्दीत जे जे उभे होते ते ते सगये आंघोय करून पुढच्या खुर्च्यायवर. ललिता काकू नव्या साडीत. मी म्हटलं, "काकू, आपन त्यायले पाह्यनार हावो, ते आपल्याले नाही." तं म्हने, "तुले काय मालूम रे? आजकाल दोन्हीकडून दिसते."

पयला अवार्ड भेटला कपड्यासाठी. किसनराव काका उठून हात जोडून उभे राह्यले, "धोतर मायं होतं! बाबूहो, अजून वापस नाही केलं!" लोकायनं टाया वाजवल्या. मंग दुसऱ्या पिच्चरच्या एका हिरोईनले भेटला, ते स्टेजवर रडाले लागली. बंडू म्हने, "रडनाऱ्यालेच देते का वो? मंग मायी बायको काहून घरी बसेल हाये?" बायको मांगंच होती. चप्पल परद्यापर्यंत गेली.

मंग बेस्ट हिरो. आपल्या पिच्चरचा होता, बाबाचा पोरगा झाल्ता तो. नाव घ्याच्या आधी त्यायनं सीन दाखवला. तोच. बाबा तिरडीवर, नाकात कापूस, अन् तो पोट्टा छातीवर डोकं टेकून रडून राह्यला. परद्यावर बाबाचं तोंड बैलबंडीयेवढं. "नत्थुजी! नत्थुजी!" म्हनून पोट्ट्यायनं शिट्या मारल्या. मी बी मारली. सालभऱ्यानं बाप दिसला होता.

तेवढ्यात ललिता काकू म्हने, "अवो, नत्थुभाऊजीचं पोट हाललं!"

एक जन हासला. मंग दुसरा. इकडे हिरोच्या नावाची चिठ्ठी फुटली, अन् तो अँकर बी तेच म्हने, "सर, तुम्ही असे रडलात की मेलेला माणूससुद्धा श्वास घ्यायला लागला!" मुंबईचा अख्खा हॉल हासला. आपला बी.

माय नाही हासली. ते उठली, खुर्च्यायच्या मधातून परद्याजवय गेली, अन् जेथी बाबाचं पोट होतं तेथी हात ठेवला. तोवर सीन गेल्ता. तेथी आता हिरो होता, काया सुटात, अवार्डाच्या बाहुलीचा पापा घेऊन राह्यला होता. मायच्या हातावर त्याच्या सुटाचं बटन चमकत होतं. बंडू ओरडला, "काकू, बाजूले व्हा, दिसत नाही!" मंग त्यानंच भोंग्याचा आवाज बारीक केला.

हिरोनं लय जनायले थँक्यू म्हटलं. आईले, डायरेक्टरले, जिमच्या मास्तरले. शेवटी म्हने, विदर्भाच्या मातीले. बाबाचं नाव नाही घेतलं. त्याले मालूम बी नसन, तो काकाजीच म्हने.

असं झालं. मजा आली. आता बंद करतो, हात दुखून राह्यला.

तुया,
कुंदन


गुरुवार

पाकीट थुंकी लावून बंद केल्तं. फाडलं.

वर लिवलं का मजा आली अन् माय बरी हाये. दोन्ही खोटं.

दुसऱ्याच दिवशी तो तुकडा जिकडे तिकडे फोनवर. तू पाह्यलाच असशीन. कंपनीत कोनी ना कोनी दाखवला असन, अन् तू म्हटलं नसन का हा माया बाप हाये. खाली लोकायनं काय काय लिवलं. "बेस्ट हिरो सोडा, बेस्ट मढं द्या." "ऑक्सिजन लावा रे याले." "विदर्भात मेल्यावर बी उन्हानं धाप लागते." हा शेवटचा मले आवडला असता, दुसऱ्याचा बाप असता तं.

दामिनी नावाचं मायं खोटं अकाउंट हाये नं, ज्याच्यावर अकोल्याचे पोट्टे अजून बी गुड मॉर्निंग धाडतेत? त्याच्यावरून मी एकेकाले लिवलं, हा मानूस आता खरंच वारला हाये, हासू नका. एकानं उत्तर देल्लं, "नक्की नं? पोट पाह्यलं का?"

मी फोन गादीखाली टाकून देल्ला अन् शेवंती तोडाले गेलो.

संध्याकायी माय म्हने, "तो तुकडा मायाजवय दे." तिच्या फोनमध्ये टाकून देल्ला. पाह्यजे, अन् सुटातला हिरो आला का तोंड फिरवे. "याले काढ." मी काढला. तुले मालूम हाये, मले असे उद्योग जमते. हिरो कापला, श्वासाले श्वास जोडला. आता बाबाचं पोट वर येते, खाली जाते, पुन्हा वर येते. थांबतच नाही. मले वाटलं, दोन दिवस पाहीन, रडन, मोकयी होईन.

ते रडली नाही. तिनं बाबाच्या फोटोचा हार काढून ठेवला.

आता मी सकायी शेवंतीचा ताजा हार घालतो, दुपारी घरी येतो तं हार खुटीवर. "जित्या मानसाच्या फोटोले हार नसते घालत, कुंदन." साधं बोलते, भाजीत मीठ कमी हाये म्हनावं तसं. फोनची बॅटरी उतरली का चार्जिंगच्या बटनाजवय पोतं टाकून बसते. तेथीच जेवते, म्या वाढलं तं. नाहीतं तेबी नाही.

तेवीस तारखेले, रविवारी, बाबाचं वर्सश्राद्ध हाये. महाराजले सांगून ठेवलं होतं. तो सामानाचं इचाराले आला, मायनं दरवाज्यातूनच वापस लावला. "जित्या मानसाचं श्राद्ध कोन करते?" महाराज मायाकडे पाहे, मी महाराजाकडे.

किसनराव काका समजवाले आले. म्हने, "लीलाबाई, तुमच्या डोयापुढून नेलं नं त्याले?"

माय म्हने, "नेलं. शूटिंगले बी तसंच नेलं होतं. हार घालून, कापूस लावून. मंग आला नं घरी, गाडीवर बसून?"

काका उठले अन् चहा न पेता गेले. दादा, खरंच आला होता.

मी म्हटलं, "माय, ते खोटं होतं, हे खरं होतं. मी होतो नं दोन्हीकडे." तिनं मायाकडे पाह्यलं. "तुयं कोन खरं मानन? तू तं किसनरावची जित्ती म्हैस मेली म्हनून गावभर सांगतलं होतं." सांगतलं होतं. लोकं पाह्याले बी गेल्ते. तवा तेच माय पदर तोंडाले लावून हासली होती.

तं दादा, मायं ते आयकत नाही. तुयं आयकन. मटकं तुया खांद्यावर होतं, अग्नी तुया हातानं. अन् अमोल खोटं बोलत नाही, हे तं लहानपनापासून मले सकाय-संध्याकाय आयकावं लागलं. तू येऊन तिच्यापुढं बस अन् सांग का बाबा गेला. येवढंच काम हाये. दुसरं कोनाच्यानं होत नाही.

एक गोष्ट अजून हाये. ते सांगाले लागू नाही म्हनून कालपासून म्हैस अन् चप्पल लिवून राह्यलो.

पोट काहून हाललं, ते मले मालूम हाये.

शूटिंगवरून येताना बाबा गाडीवर मांगं होता. एका नाकपुडीतला कापूस काढाचा राह्यला होता, ष्टँडवर पोट्टे हासले तवा काढला. मी म्हटलं, "बाबा, सगये टेक बराबर गेले, शेवटच्यातच काहून श्वास घेतला?" मंग म्हने, "त्या पोट्ट्यानं रडता रडता बाबा म्हटलं नं, मले आपला अमोल्या आल्यासारखा वाटला. श्वास धराचा राहूनच गेला." अन् घर आल्यावर, उतरता उतरता, "त्याले सांगू नोको. हासन."

दोन दिवसायनं तुया फोन आला. तू म्हटलं, "मी जित्ता असताना दुसऱ्या पोट्ट्यानं तुमचं मटकं धरलं, आता मायं काय काम?" शेवटी लिवलंच बघ मी. बाबानं पूरं आयकलं. मंग फोन मले देल्ला, बंद कराले. त्याले ते बटन सापडत नव्हतं. त्याच्यानंतर पोयाले तू नाही आला, दिवायीले नाही आला, अन् शेवंतीच्या वाफ्यात बाबा खाली बसला ते उठलाच नाही.

मी तुले तवाच सांगू शकत होतो. तेरवीले तू चारचौघात म्हटलं का बापाले पयले तिरडीवर यानंच निजवलं, तवा तं सांगाचंच होतं. नाही सांगतलं. बाबानं नोको म्हटलं होतं म्हनून नाही. शूटिंगच्या दिवशी सकायपासून मी तेथी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उभा होतो, बाबाच्या तोंडावर उजेड पडाव म्हनून. हात भरून आल्ते. तीन हाताच्या अंतरावर होतो. अन् डोये मिटून निजल्या निजल्या त्याले आठवला तू. तू अमरावतीले, मी तेथीच, अन् आठवला तू. मले वाटलं, येवढं तं मायाजवय राहू दे.

आता ठेवून काय करू? बाहेर लोकं हासून राह्यले, घरात माय त्याच्यावर जगून राह्यली.

रविवारच्या आधी ये. मायले सांग. मंग तिच्या फोनमधला तो तुकडा तुया हातानं काढून टाक. मी बटनावर बोट ठेवून पाह्यलं. पोट वर येते तवा वाटते, खाली जाऊ दे, मंग काढतो. खाली गेलं का वाटते, एकडाव वर येऊ दे. मायाच्यानं नाही होत दादा. पयल्यांदा बी, स्मशानात, ते काम तूच केलं.

मायाजवय न कापलेला तुकडा हाये. काढाच्या आधी तो पाह्य, आवाज मोठा करून. "बाबा" म्हटल्यावर हालते पोट. त्याच्या आधी नाही हालत.

ष्टँडवर घ्याले येतो. मांगं बसाले जागा ठेवतो, टोपले नाही आनत.

उजेड धरून उभा होता तो,
तुया लहाना भाऊ
कुंदन