सहाव्या बोगद्याचा पडदा

सहाव्या बोगद्याची चौकी, उसुइ घाट
मेइजी सम्राटांचं ४५वं वर्ष, जून ३

प्रिय कुमेजी यास,

सप्रेम नमस्कार. चार वर्षांत हे पहिलंच पत्र, म्हणून कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही. पत्ता तुझ्या बहिणीनं दिला. नाओएत्सूच्या समुद्राचा वारा तुला मानवतो म्हणाली. माझं बरं आहे. तुझी वहिनी ओशिगे गेल्या हिवाळ्यात वारली. एकट्यापुरता भात करायला घेतो आणि रोज जास्तच होतो.

मोठी बातमी म्हणजे घाटात विजेची इंजिनं आली, जर्मनीहून बोटीनं. ना चिमणी, ना कोळसा; चाकांवर ठेवलेली पेटीच म्हण. बाजूच्या तिसऱ्या रुळातून वीज घेतात आणि मधल्या दातेरी रुळाला धरून झपाझप चढतात. धूरच नाही म्हटल्यावर गाडीमागे बोगद्याच्या तोंडावर पडदा ओढायला माणूस कशाला? वाफेच्या उरल्यासुरल्या फेऱ्या संपल्या की आम्ही चौकीवाले घरी.

नवे चालक चांगले आहेत, पण बाहेर कुणी डोकावत नाही. तू ओरडायचास, "टोकुझो, आहेस की अस्वलानं नेलं?" दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोलायचं. आणि नियमात बसत नसतानाही आमच्या शेगडीसाठी कोळशाची ढेकळं टाकायचास.

त्या दिवशी चार टाकलीस. इंजिन मागून ढकलणारं. ते आत गेलं की तत्क्षणी पडदा ओढायचा म्हणजे धूर मागेच राहतो, हे मला झोपेतही ठाऊक. पण एक ढेकूळ उतारावर घरंगळलं आणि मी आधी त्याच्यामागे धावलो. तेवढ्यात मागून वारा आत घुसला आणि धूर तुमच्याबरोबरच चढत गेला. तुझा फायरमन इसाबुरो त्यात गुदमरून गेला. बावीस वर्षांचा होता.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "पडदा वेळेवर ओढला होता?" मी म्हणालो, "हो." तू समोरच होतास. तू म्हणालास, "गाडी मीच फार हळू नेली." कोळशाचं नावही काढलं नाहीस. काढलं असतंस तर माझी चौकी गेली असती, आणि ओशिगे अंथरुणाला खिळलेली. तुझं इंजिन गेलं. ती मात्र त्याच कोळशावर हात शेकत राहिली. तिला मी कधीच सांगितलं नाही.

आता गमवायला काही उरलं नाही म्हणून धीर आला, असं म्हणशील. खरं आहे ते. मला लाज वाटते.

आज सकाळी घाटाखाली योकोकावाच्या रेल्वे कचेरीत उतरून सगळं लिहून दिलं. तिथून इसाबुरोच्या आईकडे गेलो. तिनं चहा पुढे ठेवला, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग कुमेजी दर वर्षी पितरांच्या दिवसांत येऊन माझ्यापुढे डोकं का टेकवतो?"

यंदा तू जाशील, तेव्हा तुझ्यामागे बसायची मुभा दे.

तुझा मित्र असं लिहायला हात धजत नाही.

टोकुझो