लॉजचं पहिलं बिल

वेस्ट विंडसर, ४ नोव्हेंबर १९८५

ती. मालिनीताईस, सा. न. वि. वि.

आमच्या मराठी मंडळाच्या व्हरमाँटमधल्या स्की लॉजचा मी सहा वर्षं खजिनदार आहे. 'ना नफा, ना तोटा' यातला पहिला अर्धा भाग आम्ही निष्ठेने पाळला. छपराच्या कर्जाचे सतराशे डॉलर थकलेत. एकतीस जानेवारीपर्यंत भरले नाहीत तर बँक लॉज विकणार.

माणशी रोजचे दहा डॉलर, असा नियम भिंतीवर लावलाय. पण दारी आलेल्याला बिल द्यायला हात उठत नाही गं! उलट निघताना तुझी भावजय उत्तरा बायकांची नारळाने ओटी भरते. जितके पाहुणे जास्त, तितके आम्ही खड्ड्यात. लॉज गेलं तर मंडळात तोंड दाखवायची सोय उरणार नाही.

मुलांना पापा. तुझी माया आहे तशीच राहो.

श्रीरंग

शॉमबर्ग, १२ नोव्हेंबर १९८५

चि. श्रीरंगास, अ. उ. आ.

अरे गाढवा, एवढा इंजिनिअर झालास आणि दहा डॉलर मागता येत नाहीत? फुकट राहतात, वर नारळ घेऊन जातात, निर्लज्ज मेले! एकेकाला धरून वसूल कर.

नाताळात आम्ही पाचही जण चार दिवस येतोय, नेहमीसारखे. उत्तराला म्हणावं, पुरणपोळ्या कर.

ओरडले तरी लळा तेवढाच आहे, हे विसरू नकोस.

ताई

वेस्ट विंडसर, २ जानेवारी १९८६

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझा उपदेश शिरसावंद्य. सोबत बिल जोडलंय. पाच माणसं, चार दिवस, सहा नाताळ, रोजचे दहा. एकूण बाराशे डॉलर. नारळ धरलेले नाहीत. परक्यापुढे जीभ रेटेना, म्हणून घरच्यापासून सुरुवात केली. पाकीट टाकायला तीनदा पेटीपर्यंत जाऊन परत आलो, देवाशपथ.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.

श्रीरंग

शॉमबर्ग, १९ जानेवारी १९८६

चि. श्रीरंगास, अ. उ. आ.

बिल वाचून आठवडाभर तुझं नाव घेतलं नाही. हे मात्र हसून हसून सोफ्यावरून पडायचे बाकी होते. मग लाज वाटली. निर्लज्जांच्या यादीत मीच पहिली की रे!

पण तुझा हिशेब चुकलाय. त्र्याऐंशी साली स्कीवरून आपटून माझा पाय मोडला, तेव्हा माझं हे धूड पाठुंगळी घेऊन तू बर्फातून गाडीपर्यंत आलास. ते बिलात कुठेय? त्याचे पाचशे मी घातलेत. एक नारळ नासका निघाला, त्याचा डॉलर कापलाय. सोळाशे नव्याण्णवचा चेक सोबत आहे.

उरलेला एक डॉलर मी मुळीच देणार नाही. तो तू पाहुण्याकडून मागून घ्यायचास, तोंड उघडून. आणि तो हातात पडेपर्यंत उत्तराला नारळ लपवून ठेवायला सांग.

तुझ्यावर जीव टाकणारी,
ताई