वाघमाळाच्या पायथ्याची जागा जितेशला का नाही

मी, रंभाबाई चंद्रभान बाविस्कर, वय एकाहत्तर, धंदा खानावळ, राहणार बोईसर पूर्व, तालुका व जिल्हा पालघर, मूळची चोपडा तालुक्यातली, कोणाच्या दाबाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांना त्याची गरज वाटली नव्हती. पण मी गेल्यावर माझा मुलगा कोर्टात काय सांगेल ते मला आजच ठाऊक आहे, म्हणून मीच मागून घेतला.

येत्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. त्यातून उठले तर बरेच, नाही उठले तर या कागदाप्रमाणे व्हावे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्याची झेरॉक्स जितेशच्या कपाटात आहे, तिच्यात त्याने आता भेळ बांधावी.

वकील दर्पणसाहेब म्हणाले, "मावशी, मृत्युपत्रात मिळकत लिहायची असते, राग नाही." मी म्हटले, मिळकत मी एकटीने मिळवली, राग मात्र मला लोकांनी दिला, तोही ज्याचा त्याला परत करूनच जाईन. ते हसले आणि टाइप करू लागले. त्यामुळे या कागदात जे जास्तीचे आहे त्याचा दोष वकिलांवर नाही.

१. माझ्या कुटुंबाविषयी. पती चंद्रभान हे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात होते, ते वारले. मला दोन अपत्ये: मुलगी प्रतीक्षा, लग्न होऊन नाशिकला असते, आणि मुलगा जितेश, जेसीबी आणि डंपर भाड्याने देण्याचा धंदा करतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रतीक्षाने करावी. ती बोलते कमी, पण सांगितलेले विसरत नाही.

२. खानावळ, म्हणजे चुली, शेगड्या, बाकडी, ताटे आणि नाव, हे सर्व दीपाला द्यावे. ती इतकी वर्षे माझ्या हाताखाली भाकरी थापते आहे आणि माझे टोमणे खाते आहे. वरण-बट्टी शनिवारीच करावी, रोज केली तर तिची किंमत राहत नाही. सगळ्यांत मोठे पातेले मंडपवाल्या कमलेशकडे आहे. लग्नाला म्हणून नेले ते अजून आणतोच आहे. दीपाने आधी ते वसूल करावे, मगच माझ्या तेराव्याचा मंडप त्याला सांगावा.

३. पाटा-वरवंटा आणि माझ्या अंगावरचे सोने प्रतीक्षाला. पाटा मी चोपड्याहून एसटीत मांडीवर घेऊन आले होते. कंडक्टरने त्याचे लगेज लावले होते, तो राग मी सोडून दिला आहे.

४. बोईसरचे राहते घर दोन्ही मुलांना समान. जितेशला त्यातले अर्धे देताना माझा हात आखडतो, हे मी लपवत नाही. पण पोटच्या पोराला बेघर करण्याइतकी मी वाईट नाही. पोस्टातली शिल्लक ऑपरेशनला आणि क्रियाकर्माला लागेल ती लागेल, उरले तर प्रतीक्षाचे.

५. आता ज्यासाठी हा कागद नव्याने लिहिला ती मिळकत. मौजे खुटलवाडी येथे वाघमाळ नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी माझ्या नावावर थोडी जागा आहे. ती मी खानावळीच्या कमाईतून घेतली. तिच्यात वडिलोपार्जित काही नाही, त्यामुळे ती कोणाला द्यायची हे मी ठरवणार. चतुःसीमा सोबतच्या उताऱ्याप्रमाणे. उताऱ्यात एक गोष्ट येत नाही, ती मी सांगते. वाघमाळावर चढायची वाट याच जागेतून जाते. दुसरीकडे एका बाजूला कडा आहे आणि दुसऱ्या बाजूला ओढा. माणूस, बैल किंवा ट्रक, वर जायचे तर माझ्या जागेत पाय किंवा चाक ठेवल्याशिवाय जाता येत नाही.

६. वाघमाळ माझा नाही. तो सरकारी गुरचरण आणि जंगल आहे, म्हणून तो मी कोणालाही देत नाही. ही साधी गोष्ट मला, सातवी शिकलेल्या बाईला, कळते. जे माझे नाही ते मी वाटत नाही. मग जे लोक कोट घालून, गाडीतून उतरून, सगळ्यांचा डोंगर एका कंपनीला गोदामांसाठी वाटायला निघाले आहेत त्यांना ती का कळत नाही? माळावर गोदामे, आणि डोंगराचा मुरूम कापून खाली भरावाला. म्हणे सरकारी जमीन मोकळी पडून आहे. स्टेशनातला पाण्याचा नळ कोणाच्या नावावर आहे? म्हणून तो उपटून घरी नेता का?

७. हा डोंगर कोणी राखला ते लिहिते, कारण दुसऱ्या कुठल्या कागदावर ते येणार नाही. खुटलवाडीच्या वरच्या पाड्यावर ठकी आणि तिचा नवरा जिवल्या वरठा राहतात. पावसावरची थोडी भातशेती, आणि ती संपली की कधी वीटभट्टी, कधी सफाळ्याकडे मजुरी. ठकी डोक्यावर पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात यायची, कधी करांद्याचे कंद, कधी आवळे, उन्हाळ्यात करवंदे. माझ्या चुलीला सुके लाकूड तिचेच. आमची ओळख भांडणातून झाली, कारण ऐन पावसाळ्यात मला गवताचे भारे हवे होते आणि ती देईना. जास्त भाव सांगितला तरी देईना.

"नाय मिलनार, मावशी. माल बंद हाय," ती म्हणाली. माळाला ते माल म्हणतात.

"कोणी बंद केला?"

"आमीच. पेरनी झाली का बंद. वाघबारशीला वाघदेवाला नारल देल्यावर खुला. तवर कोन पाय नाय ठेवीत वर. गवताचं बी पडाया नको? पाखरांची, सशांची पिलं नको मोटी व्हाया?"

हा त्यांचा नेम. भाताची पेरणी झाली की दिवाळीतल्या वाघबारशीपर्यंत माळावर कोणी चढत नाही, गुरे सोडत नाही, काडी तोडत नाही. पहारेकरी नाही, दंड नाही, पाटी नाही. मुंबईची माणसे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तिकीट काढून वाघ बघतात आणि जंगल वाचवा म्हणतात, ते चांगलेच आहे. पण आमच्या वाघदेवाच्या माळाला तिकीट नाही, म्हणून ते जंगल नाही का? त्याच्या पोटातल्या पाण्यावर खालच्या पाड्याची विहीर मे महिन्यात टिकते. जितेश लहान असताना दर वाघबारशीला माझ्याबरोबर तिथे यायचा आणि जिवल्याच्या खांद्यावरून उतरायला तयार नसायचा.

८. आता गेल्या भादव्यातला प्रकार. मोजणीची आणि पाहणीची माणसे आली. कोणत्या खात्याची ते वकील लिहू देत नाहीत, अब्रूनुकसानीचा दावा लागेल म्हणाले. यांना अब्रू आहे हे मला तेव्हाच कळले. पंचनाम्याला पंच म्हणून कंपनीच्या माणसाने माझ्या जितेशला नेले होते. त्याआधी उन्हाळ्यात बाहेरचा कोणीतरी माळावरचे खैर तोडून घेऊन गेला होता आणि जिवल्याने त्याबद्दल तालुक्याला अर्ज दिला होता. साहेब लोक दिसल्यावर त्या भाबड्या म्हाताऱ्याला वाटले, आपल्याच अर्जाची दखल घेतली. माळ नीट राखला जातो का ते बघायला आले.

मी माझ्या जागेतल्या आंब्याखाली बसले होते. सगळे माझ्या कानांनी ऐकले. साहेबांनी विचारले, "इथे कोणी येतं का? गुरं चारतं का?"

जिवल्या छाती पुढे काढून म्हणाला, "नाय साहेब. कोन नाय येत. तुमी बगा, गवत मानसायेवडं हाय. एक काडी तोडलेली नाय, एक वाट पडलेली नाय."

"नक्की? कोणीच वापर करत नाही?"

"वाघदेवाची आन. कोन नाय."

साहेबांनी लिहून घेतले. जिवल्याला इतका आनंद झाला की त्याने घरामागच्या वाड्यातल्या काकड्या तोडून आणल्या आणि मीठ लावून सगळ्यांना खायला घातल्या. त्यांनी खाल्ल्या. जितेशनेही खाल्ली. मग कागदावर सही केली. कागदात लिहिले आहे: सदर जमीन पडीक असून ग्रामस्थांच्या वापरात नाही.

मी तिथेच ओरडले, की अहो, हा नेम आहे, दिवाळीनंतर या आणि बघा. साहेब म्हणाले, "आजी, आम्ही प्रत्यक्ष दिसतं ते लिहितो." उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असली की शाळा बंद पडली असे लिहिता का? हे मी त्यांना विचारले. त्यांनी गाडीची काच वर केली.

ते साहेब परके होते, त्यांना मी एक वेळ अडाणी म्हणून सोडून देईन. जितेशला नाही. त्याला नेम पाठ होता. एक वाक्य बोलला असता तर तो कागद तसा झाला नसता. जिवल्याने राखले म्हणून जिवल्याचा हक्क गेला, ओरबाडले असते तर राहिला असता, हा कुठला न्याय? जिवल्याला कागद वाचून दाखवला तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मी खोटं नाय बोल्लो, बाय." त्या दिवसापासून तो जेवण अर्धे टाकतो, असे ठकी सांगते. माझ्या अंगाचा तिळपापड होतो तो यासाठी.

९. एवढे होऊनही ट्रकला वर जायला माझी जागा लागते. ती मी विकत नाही हे कंपनीच्या माणसाला मी केरसुणी हातात घेऊन सांगितले होते. मग एक दिवस माझ्याच ओट्यावर उभा राहून जितेश फोनवर बोलत होता: "टेन्शन मत लो सेठ. अम्मा का ऑपरेशन है, हार्ट का. उसके बाद तो सब मेरे ही नाम पे है. रास्ता मिल जाएगा."

मी आत तांदूळ निवडत होते. जितेश, मला हृदयाचा आजार आहे, कानाचा नाही. आईच्या मरणाचा वायदा करून रस्ता विकणारा मुलगा मी पाहिला नव्हता, तो देवाने माझ्याच घरात दाखवला.

१०. म्हणून कलम ५ मधली जागा मी ठकी जिवल्या वरठा हिला देते. जितेशला त्यात हक्क नाही, हिस्सा नाही, आणि दावा केल्यास तो या कलमापाशी थांबावा. जागा पंचायतीला किंवा एखाद्या संस्थेला का दिली नाही, असे कोणी विचारेल. दर्पणसाहेबांनी मला समजावले ते असे: आदिवासी माणसाच्या नावावर जमीन चढली की ती बिगर आदिवासीला विकायला किंवा भाड्याने द्यायला वरची सरकारी परवानगी लागते, ओट्यावर उभे राहून फोनवर जमत नाही. कोणी परवानगी आणलीच तर निदान त्याच्या चपला झिजतील. आणि त्याच्याही आधी ठकीने हो म्हणायला हवे. ती मला ऐन पावसाळ्यात गवत द्यायला हो म्हणाली नव्हती.

११. वाघमाळाच्या हरकतीची सुनावणी पुढे व्हायची आहे. मी असेन की नाही ठाऊक नाही. माझी हरकत मी दिली आहे, तिच्यासोबत या मृत्युपत्राची कलमे ६ ते ८ प्रतीक्षाने मोठ्या आवाजात वाचावीत. साहेब म्हणाले "पुरे" तरी वाचावीत. आणि पाहणी वाघबारशीनंतर पुन्हा करा, ही मागणी सोडू नये.

१२. हे कलम माझ्या मनाविरुद्ध आहे. जागा तुझ्या नावावर करते म्हटल्यावर ठकी खुश होईल असे मला वाटले होते. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "घेन मी. पन वाट बंद नाय करायची कोनाला. लिवा तसं."

मी म्हटले, "कोणाला म्हणजे? ते सोडून सगळ्यांना."

"कोनालाच. तुजा जितू पन."

मी खूप बोलले. त्याने तुझ्या नवऱ्याच्या तोंडचा घास काढला, त्याच्यासाठी वाट कशाला? ती म्हणाली, "त्याला बंद केली तं मंग आमी पन कंपनीच झालो ना." यावर मी दर्पणसाहेबांना हे कलम वाढवायला सांगितले, तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारून घेतले. म्हणून लिहिते: या जागेतून वाघमाळावर जाणारी वाट सर्वांना कायम खुली राहील, आणि त्यात माझा मुलगा जितेश चंद्रभान बाविस्कर हाही आला.

जितेश, तू जाऊ शकतोस. वाघबारशीनंतर, पायी. वर जाऊन आलास की जिवल्याच्या घरी थांब आणि त्या कागदावर सही का केलीस ते त्याला सांग. मला सांगितले नाहीस तरी चालेल. मी तोवर असेनच असे नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच तो आहे, आणि त्यावर शुद्धीवर असताना दोन साक्षीदारांसमक्ष मी सही केली.

सही: रंभाबाई चंद्रभान बाविस्कर

आमच्यासमोर रंभाबाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

साक्षीदार १: हंसा अंकुश मेहेर, मासळी विक्रेती, बोईसर बाजार. (सही)

साक्षीदार २: प्रदीप चिंतू घरत, निवृत्त शिक्षक, राहणार पाम. (सही)

ठिकाण: बोईसर
दिनांक: ८ ऑक्टोबर २०२५