घरजावई प्लगिन

३ मार्च, मंगळवार

डेमो पसंत! निर्मातीबाईंचा फोन आला तेव्हा माझे हात साबणाने भरलेले. फोन खांद्याने कानाशी दाबून ऐकला. मुलांच्या गोष्टींच्या कार्यक्रमाची शीर्षकधून माझीच घेणार!

"पण डेमो अगदीच इवलासा आहे हो. पूर्ण धून सोमवारपर्यंत द्या. आणि ती शीळ तश्शीच हवी. नाहीतर आम्ही तयार धून घेऊन मोकळे होतो."

बँकेतली नोकरी सोडल्यापासूनचं हे पहिलं खरं काम. भांडी तशीच टाकून स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

शीळ आमच्या बाबांची, म्हणजे सासऱ्यांची. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः मात्र जिन्यानेच येतात-जातात. का, तर "मी लिफ्ट आतून पाहिलीय." डेमोच्या दिवशी मी माइक तपासत बसले होते, दार उघडंच होतं, ते बाहेरून आले. त्यांची शीळ ऐकून त्यांना तिथेच माइकपुढे बसवलं आणि आणखी दोन-तीनदा घालून घेतली. त्यातलाच एक तुकडा कापून लावला. त्याला काय झळाळी आलीय! जरा लांबून येते, जरा घुमते. सगळी कमाल त्या 'मोठा हॉल' प्लगिनची, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये लावायच्या त्या आवाज घुमवणाऱ्या जोडाची.

४ मार्च, बुधवार

घोळ!

डेमो केला होता साउंड कार्डच्या खोक्यातून बंडलमध्ये फुकट आलेल्या सॉफ्टवेअरवर. आता स्टुडिओवाल्यांना सगळं त्यांच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हवंय. ते घेतलं, लावलं, उघडलं — 'मोठा हॉल' कुठेच नाही! खोक्यातून आलेले इतर कंपन्यांचे प्लगिन इकडे निमूट चालतात. हा मात्र त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा. त्याच्या घराबाहेर उघडतच नाही.

नवरा शाळेतून आला, त्याला सांगितलं. गणिताचे मास्तर ते, प्रश्न एका ओळीत सोडवणार. "म्हणजे घरजावई आहे म्हण की! त्या घरात ऐट, बाहेर कुणी ओळखत नाही."

हसले मी. आणि पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसले.

५ मार्च, गुरुवार

नव्या सॉफ्टवेअरसोबत आलेले घुमवणारे सगळे प्लगिन एकेक करून लावले. बाबांना माइकपुढे बसवून पूर्ण धून शिळेत घेतली होती, त्यावर. एकात बाबा विहिरीत पडल्यासारखे वाटतात. एकात डब्यात. एकात तर स्टेशनवर हरवलेत!

बाबा म्हणाले, "अगं, बँकेत बरी नोटा मोजत होतीस. आता शीळ विकतेस होय?" चेष्टेने म्हणाले. तरी लागलं.

६ मार्च, शुक्रवार

युक्ती सापडली! घरजावई बाहेर येत नाही ना? मग आपणच त्याच्या घरी जायचं. शीळ जुन्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची, तिथेच 'मोठा हॉल' लावायचा, आणि आवाज पक्का करून नुसती फाइल नव्यात आणायची. माणूस नको, त्याच्या हातचं पार्सल चालेल. डेमोची जुनी फाइल उघडून प्लगिनचे आकडे बघून घेतले आणि जसेच्या तसे लावले.

चहा केला, कप घेऊन ऐकायला बसले.

नाही जमलं. घुमतंय, पण ते नाही. आकडे तेच, माणूस तोच, तोंड तेच! मग गेलं कुठे?

७ मार्च, शनिवार

बाबांना दिवसभर पिदडलं. त्यांचे ओठ सुकले. माइक दिसला की ते शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखे ताठ होतात. शेवटी म्हणाले, "पोरी, माझ्याच्याने नाही होत गं ते. तू तयार असलेलं काहीतरी घे." इतके ओशाळून म्हणाले की मलाच रडू आलं. त्यांच्यासमोर नाही रडले. न्हाणीघरात नळ सोडून रडले.

उद्या आई, म्हणजे सासूबाई, येतायत. नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. घर आवरायचंय.

८ मार्च, रविवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

आई सकाळी आल्या. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरून मी कुठले डबे कुठे ठेवलेत याची चौकशी सुरू. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मी शेवटचा प्रयत्न म्हणून एकदा डेमो, एकदा नवीन, असं आलटून पालटून मोठ्या आवाजात लावत होते.

नवीन वाजलं. आतून डब्यांचे आवाज चालूच.

डेमो वाजला. डबे थांबले. आई पदराला हात पुसत बाहेर आल्या, आम्हा कुणाकडे न बघता तडक दाराशी गेल्या आणि कडी काढली. बाहेर डोकावल्या. मग वळल्या, तर बाबा खुर्चीत!

"अहो, तुम्ही इथे? मग जिन्यात कोण आहे?"

मी डेमो थांबवला. "जिन्यात म्हणजे?"

"अगं, दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची शीळ ही. तिथून अशीच येते. एवढी वर्षं ऐकतेय, मला कळणार नाही?"

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. कान लाल.

मग आई सांगत बसल्या. लग्न नवं, घर भरलेलं, हाक मारायची सोय नाही. म्हणून हे जिन्यात शीळ घालायचे, आणि त्या ओळखून चहाचं आधण ठेवायच्या. "घरात मात्र शीळ नाही हं, मीच बजावलं होतं. सगळ्यांना कळलं असतं ना!" ती बंदी उठवायचं दोघांच्याही कधी लक्षात आलं नाही.

लिफ्ट आतून पाहिलीय म्हणे!

मी जुनी फाइल परत उघडली. आकडे नाही बघितले, प्लगिनच्या कोपऱ्यातला इवलासा दिवा बघितला. विझलेला! डेमोत 'मोठा हॉल' कधी चालूच नव्हता. बाबांना खुर्चीत बसवण्याआधीच माइक चालू होता, आणि मी कापून लावला तो तुकडा ते जिना चढत असतानाचा. आठवडाभर ज्या घरजावयाच्या विनवण्या केल्या तो ढाराढूर झोपलेला!

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," नवरा. त्याला उशी फेकून मारली.

मग माइक दाराबाहेर ठेवला आणि बाबांना खाली पाठवलं. पहिल्यांदा पुन्हा ताठच. मला सुचलं. आईंना म्हटलं, "तुम्ही आत जाऊन चहा ठेवा." आणि जिन्यात वाकून बाबांना ओरडून सांगितलं, "बाबा, आई चहा ठेवतायत!"

काय शीळ आली! दुसऱ्या मजल्यावर त्यांना दम लागला, तिथे मी खंजिरीचा तुकडा घालणार आहे. एकही प्लगिन नाही लावणार.

९ मार्च, सोमवार

पाठवली. बाबा सकाळपासून तीनदा विचारून गेले, "आला का गं फोन?"

११ मार्च, बुधवार

पसंत!!! निर्मातीबाईंनी शेवटी विचारलंय, 'शिळेवरचा प्लगिन कोणता? आमच्या रेकॉर्डिस्टला हवाय.' कळवलं — विकत मिळत नाही. मला नवऱ्यासोबत बंडलमध्ये आला. चालतो फक्त आमच्या जिन्यात, आणि तोही आई घरात असतील तरच.